रक्तातलं लोखंड आणि लोहाराचा मुलगा

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या यकृताचा एमआरआय करायचा होता. सेंटरवर एक फॉर्म हातात दिला. शरीरात पेसमेकर, स्क्रू, छर्रे असं काही धातूचं आहे का, हा पहिला प्रश्न. तो कळला, कारण समोर एवढा मोठा चुंबक आहे. दोन-चार ओळी खाली विचारलं होतं, किडनीचा त्रास आहे का? इथे मी अडकलो. बाबांचं क्रिएटिनिन गेली तीन वर्षं थोडं वरच आहे. पण चुंबकाचा आणि किडनीचा काय संबंध?

संबंध असा की चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून एक औषध देतात, ज्याला सगळे नुसतं कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. म्हणजे एका पानावर आधी विचारायचं, अंगात धातू आहे का, आणि मग आपणच तो टोचायचा. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (सॉफ्टवेअरवाला असलो तरी पहिल्या वर्षाला केमिस्ट्री होतीच.) त्या रात्री वाचायला बसलो. गॅडोलिनियमला पर्याय म्हणून लोखंडाचे चुंबकीय नॅनोकण वापरता येतात हे कळलं, आणि ते शरीरात विरघळून त्यातून धातूचे आयन सुटतात तेव्हा काय होतं, यावर ढीगभर संशोधन आहे हेही कळलं. पण प्रत्येक धागा मागे ओढत गेलो की टोकाला एकच माणूस सापडायचा, तो म्हणजे मायकेल फॅरडे. आपल्याला तो जनरेटरवाला म्हणून माहीत. इथे मात्र तो तीन वेगळ्या वाटांनी येत होता. आयन हा शब्द त्याच्या कामातून रूढ झाला. रक्त चुंबकाजवळ धरून पाहणारा तो. आणि धातूचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांतही तोच.

म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो, पण या बाजूने.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. जागा न्यूइंग्टन बट्स, तेव्हा लंडनच्या वेशीवर. वडील जेम्स लोहार होते आणि सतत आजारी असायचे, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. शाळा म्हणजे वाचणं, लिहिणं आणि थोडी आकडेमोड, एवढीच. चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बुकबाइंडिंग शिकायला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचून काढायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्राचं सोपं पुस्तक, या दोन्हींनी त्याचं डोकं फिरवलं. मार्सेटबाईंचं पुस्तक म्हणजे त्या काळातलं एक्सप्लेनरच, हे मला लिहिताना जाणवतंय.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने नोट्स काढल्या, चित्रं काढली, सगळं स्वतः छान बांधलं आणि ते जाडजूड बाड डेव्हीला पाठवून दिलं. नोकरीसाठी याहून चांगला पोर्टफोलिओ मी तरी पाहिलेला नाही. मार्च १८१३ मध्ये तो तिथे मदतनीस म्हणून लागला. पुढे डेव्ही पतिपत्नींबरोबर युरोपभर दीड वर्ष फिरला. या प्रवासात त्याला मोठमोठे शास्त्रज्ञ भेटले, पण डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखं वागवलं, हेही खरं.

परत आल्यावरचं त्याचं एक काम आपल्याशी थेट जोडलेलं आहे. दक्षिण भारतात बनणाऱ्या वूट्झ पोलादाची तेव्हा युरोपात मोठी ख्याती होती. लोहाराच्या या पोराने १८१९ मध्ये त्याचं रासायनिक विश्लेषण छापलं, आणि नंतर जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. वूट्झचं रहस्य त्याला नीट उलगडलं नाही, त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या अंशाला श्रेय दिलं, आणि ते चुकीचं होतं. पण एक सवय लागली असावी असं मला वाटतं. धातू म्हणजे नुसता धातू नव्हे, तो कशाबरोबर आणि कुठल्या रूपात आहे हे आधी बघायचं.

आयन म्हणजे चालता झालेला

१८२१ मध्ये फॅरडेने साराह बर्नार्डशी लग्न केलं. त्याच वर्षी त्याने पाऱ्याच्या भांड्यात तार सोडून ती चुंबकाभोवती फिरवून दाखवली. १८२५ मध्ये बेंझिन शोधलं, १८३१ मध्ये विद्युत-चुंबकीय प्रवर्तन. यावर पाठ्यपुस्तकं भरलेली आहेत, म्हणून मी पुढे जातो.

आपल्या कामाचं आहे ते १८३३-३४ मधलं. द्रावणातून वीज सोडली की पदार्थ सुटे होऊन दोन टोकांना जमा होतात. किती वीज गेली की किती पदार्थ सुटतो, याचं चोख गणित त्याने मांडलं. त्यावरून आलेला फॅरडे स्थिरांक, मोलला ९६,४८५ कूलॉम, आम्ही परीक्षेसाठी घोकला होता. या प्रवाहात सरकणाऱ्या भागांना नाव काय द्यायचं हे त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला विचारलं, कारण फॅरडेला ग्रीक येत नव्हतं. ह्यूएलने सुचवलेल्या शब्दांत अ‍ॅनोड, कॅथोड आणि आयन होते. आयन म्हणजे ग्रीकमध्ये जाणारा, चालणारा.

फॅरडेच्या डोक्यातला आयन आजच्यासारखा नव्हता. वीज सोडल्यावरच हे भाग सुटे होतात, असं त्याला वाटे. पाण्यात मीठ टाकताच आयन मोकळे फिरू लागतात, ही कल्पना स्वीडनच्या अर्‍हेनियसने मांडली, तीही फॅरडे गेल्यानंतर. पण शब्द एकदम चपखल बसला. शरीरातल्या धातूची भीती नेमकी याच चालण्याची आहे.

लोखंडाचंच बघा. आपल्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. पण ते मोकळं नसतंच. बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं, काही फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात साठवलेलं, आणि रक्तातून इकडून तिकडे नेताना ट्रान्सफेरिनच्या मुठीत. एका फेरिटिनमध्ये ४,५०० पर्यंत लोहाचे अणू मावतात. शरीराने एवढा बंदोबस्त का केलाय? कारण मोकळा लोह-आयन पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटला की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. ते समोर येईल ते जाळत सुटतं, मग डीएनए असो, प्रथिनं असोत की पेशीचं आवरण. या अभिक्रियेला फेंटनचं नाव आहे. आईला लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं, ते यामुळेच. लोह तेच, पण हिमोग्लोबिनमध्ये असलं तर श्वास, आणि मोकळं सुटलं तर विष.

गॅडोलिनियमची गोष्टही अशीच आहे. नुसता गॅडोलिनियम आयन विषारी, म्हणून तो एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून देतात. हा पिंजरा जेवढा वेळ शाबूत तेवढा वेळ ठीक. निरोगी किडनी तो काही तासांत बाहेर टाकते. किडनी मंद असेल तर पिंजरा शरीरात रेंगाळतो, आणि काही पिंजरे उघडतात. २००६ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे या औषधानंतर दगडासारखे कडक होत होते. दोष मुख्यतः सरळ, उघड्या साखळीसारख्या पिंजऱ्यांचा निघाला. वर्तुळाकार पिंजरे खूप पक्के असतात, आता जास्त करून तेच वापरतात आणि धोका फारच कमी झालाय. फॉर्ममधली ती ओळ तिथून आली.

चुंबकाने ढकललेलं रक्त

१८३९-४० च्या सुमारास फॅरडे कोसळला. चक्कर, डोकेदुखी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विसरभोळेपणा. कालचा प्रयोग आज आठवेना. जवळजवळ चार वर्षं संशोधन बंद पडलं. पुढे काही अभ्यासकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं, कारण प्रयोगशाळेत उघडा पारा भरपूर असायचा आणि तो त्याच इमारतीत राहायचा. पुरावा असा नाही, अतिश्रमानेही असं होतं. पण आयुष्यभर धातूंशी खेळलेल्या माणसाबद्दल हा संशय घेतला जावा, हे मला वाचताना टोचलं. त्याने यातून वाट काढली ती वहीने. रोजच्या प्रयोगांची नोंद, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. हे क्रमांक पुढे १६,००० च्या वर गेले. आम्ही कोडमध्ये कॉमेंट लिहायचा कंटाळा करतो, आणि इथे एक माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीचा बॅकअप हाताने घेत होता.

१८४५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, वय चौपन्न. १८२० च्या दशकात त्याने दुर्बिणींसाठी शिशाची जड काच बनवण्यात कित्येक वर्षं घालवली होती. ते काम त्याच्या जिवावर आलं होतं आणि त्यातून विशेष काही निघालंही नव्हतं. आता तीच काच कपाटातून बाहेर आली. १३ सप्टेंबरला त्याने दाखवलं की चुंबकाच्या प्रभावाने काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते. ४ नोव्हेंबरला काच जोरदार विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगली, तर ती दूर ढकलली गेली. लोखंड ओढलं जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही ढकलणारी जात नवीन होती. तिला त्याने डायामॅग्नेटिक म्हटलं.

मग त्याला चेवच आला. हाताला लागेल ते टांगून बघायचं. लाकूड, मांस, सफरचंद, पाव. आणि काही दिवसांतच वाळलेलं रक्त. रक्तात लोह असतं हे तेव्हा माहीत होतं, म्हणजे ते थोडं तरी ओढलं जायला हवं होतं. पण तेही ढकललं गेलं. त्याने पुढे लिहून ठेवलं की अख्खा माणूस असा टांगता आला तर तोही चुंबकाच्या रेषांना आडवा होऊन राहील. एमआरआयच्या बोगद्यात सरकणाऱ्या बाबांचे पाय दिसत असताना मला हे वाक्य माहीत असतं, तर बरं झालं असतं.

रक्तातलं लोह गेलं कुठे? कुठेच नाही. त्याचं उत्तर १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरयेल यांनी दिलं. ऑक्सिजन धरून असलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही. ऑक्सिजन सोडला की त्याच लोहाचे इलेक्ट्रॉन वेगळे मांडले जातात आणि ते ओढलं जाऊ लागतं. मेंदूचा कुठला भाग कामात आहे हे दाखवणारा फंक्शनल एमआरआय याच फरकावर चालतो. फॅरडेच्या टांगलेल्या नमुन्यात प्रश्न आलेला होता. उत्तर द्यायला इलेक्ट्रॉनचा शोध अजून अर्धशतक लांब होता.

लाल बाटल्या

१८५६ मध्ये, पासष्टीला टेकलेला असताना, त्याने सोनं हातात घेतलं. प्रश्न प्रकाशाचा होता. सोन्याचा थर पातळ पातळ करत गेलो तर प्रकाश त्याच्याशी कसा वागतो? ते करता करता त्याने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवली आणि माणकासारखं लाल पाणी मिळालं. बघायला साधं रंगीत द्रावण. पण भिंगाने प्रकाशाचा झोत आत सोडला की झोताचा मार्ग उजळून दिसायचा, उन्हाच्या कवडशात धूळ दिसते तसा. यावरून त्याने ताडलं की सोनं इथे विरघळलेलं नाहीच. ते धातूच्याच रूपात आहे, पण कण इतके बारीक आहेत की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. १८५७ च्या बेकेरियन व्याख्यानात त्याने हे मांडलं. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणतो.

माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग रंग नाही, मीठ आहे. त्या लाल पाण्यात साधं मीठ टाकलं की रंग निळसर व्हायचा आणि कण गोळा होऊन खाली बसायचे. पण आधी थोडं जिलेटिन घातलं तर मीठ टाकूनही लाल रंग टिकायचा. आता आपलं रक्त म्हणजे काय? खारं पाणीच. उघडे नॅनोकण त्यात सोडले तर तेही असेच गुठळी करतील. म्हणून वैद्यकीय लोहकणांवर आवरण चढवतात, बहुतेक वेळा डेक्सट्रान या साखरेच्या साखळीचं किंवा तिच्या भावंडांचं. जिलेटिनच्या जागी साखर आली, युक्ती तीच.

हे कण आत काय करतात ते थोडं सांगतो. गाभा मॅग्नेटाइट किंवा त्याच्या जवळच्या लोह-ऑक्साइडचा, काही नॅनोमीटरचा. इतक्या लहान आकारात प्रत्येक कण बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच जोरदार चुंबक बनतो, क्षेत्र काढलं की विसरून जातो. त्यामुळे एकमेकांना चिकटण्याचा धोका कमी. शिरेतून दिल्यावर यकृत आणि प्लीहेतल्या सफाई कामगार पेशी त्यांना गिळतात. जिथे हे कण जमतात तिथे एमआरआयचं चित्र काळं पडतं. गाठीत या सफाई पेशी नसतात किंवा कमी असतात, त्यामुळे काळ्या यकृतात गाठ उजळ उठून दिसते.

आणि मग सुरू होतं आयनचं चालणं. पेशीने गिळलेला कण आतल्या एका आम्लाच्या पिशवीत जातो, तिला लायसोसोम म्हणतात. तिथली आम्लता साधारण ४.५ ते ५ पीएच. आधी साखरेचं आवरण जातं, मग दिवस-आठवड्यांत गाभा विरघळतो आणि लोह-आयन सुटतात. सुटण्याचा वेग हाच कळीचा. हळू सुटले तर फेरिटिन ते उचलून ठेवतं आणि पुढे त्यांचं नवं हिमोग्लोबिनही बनतं. एकदम सुटले तर फेरिटिन कमी पडतं आणि फेंटनची आग लागते. त्यातही लोहाला शरीराबाहेर टाकण्याची मुद्दाम केलेली सोय आपल्याकडे नाही, दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम आपोआप जातं तेवढंच. म्हणून आकार, आवरण आणि मात्रा या तिन्हींचा हिशेब लागतो.

हिशेब करून बघू. यकृतासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालेल्या फेरिडेक्स या औषधाची मात्रा किलोला ०.५६ मिलिग्रॅम लोह होती. ६० किलोच्या माणसाला सुमारे ३४ मिलिग्रॅम. आपलं शरीर जुन्या लाल पेशी मोडून रोजच २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरवतं. म्हणजे दीड दिवसाचं काम वाढलं, बस. दुसरीकडे २००९ मध्ये मंजूर झालेलं फेरुमॉक्सिटॉल. ते किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर देतात, एका वेळी तब्बल ५१० मिलिग्रॅम लोह. कण विरघळणं इथे दुष्परिणाम नाही, तेच तर औषध आहे! गॅडोलिनियम नको असलेल्या किडनीच्या रुग्णांत काही डॉक्टर हेच कण एमआरआयसाठीही वापरतात.

सगळं गोड नाही. फेरुमॉक्सिटॉलने काही जणांना तीव्र अ‍ॅलर्जी होऊन मृत्यू झाले, २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कडक इशारा छापायला लावला आणि ते सलाइनमध्ये मिसळून हळू द्यायला सांगितलं. फेरिडेक्स २००८ मध्ये बंद झालं. आणि लोहाऐवजी कोबाल्ट मिसळून जास्त ताकदीचे कण बनवायचा मोह आहेच. पण लोह साठवायला फेरिटिन आहे, कोबाल्टसाठी शरीराने असं कोठार बांधलेलं नाही. सुटलेला कोबाल्ट आयन हृदय आणि मज्जातंतूंना त्रास देतो. चुंबक म्हणून सरस असलेला कण आत विरघळल्यावर नापास होतो. प्रयोगशाळेतले आलेख बघताना हे पटकन विसरायला होतं.

फॅरडेला यातलं काहीच ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. सोन्याच्या कामानंतर त्याची आठवण झपाट्याने जात राहिली. १८५८ मध्ये राणीने हॅम्प्टन कोर्टजवळ त्याला घर दिलं. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं. मार्च १८६२ मध्ये त्याने शेवटचा प्रयोग केला, ज्योतीच्या रंगपटावर चुंबकाचा परिणाम होतो का हे बघण्याचा. काही दिसलं नाही, तसं नोंदवून ठेवलं. चौतीस वर्षांनी जास्त चांगली उपकरणं घेऊन झीमनने तो परिणाम पकडला. २५ ऑगस्ट १८६७ ला फॅरडे आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला जागा मिळाली असती, पण ती नको म्हणून आधीच ठरलेलं होतं. हायगेटच्या दफनभूमीत साधा दगड आहे.

बाबांचा एमआरआय शेवटी कॉन्ट्रास्टशिवायच झाला. रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी किडनीचा रिपोर्ट बघितला, आमच्यासमोरच दोन मिनिटं विचार केला आणि आधी साधा काढू, गरज पडली तर वर्तुळाकार पिंजऱ्याचं औषध देऊ असं सांगितलं. गरज पडली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा जायचंय, फॉर्म पुन्हा भरायचाय. फॅरडेच्या सोन्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. आतलं पाणी अजूनही लाल आहे.